फोडलेले बिब्बे

माझं माहेर वाईकडचं. तिथं धान्यात कडुलिंबाचा पाला आणि राख घालायचे. पाला हातानं चुरगळायचा, रस सुटला की किडा लांब राहतो, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन तासगावजवळच्या गावात आले, तर इथं ज्वारीत अख्खे बिब्बे टाकत. लढाईचे दिवस होते, ज्वारी बाजारात सहज मिळत नव्हती, त्यामुळे घरातली जपणं हे मोठं काम. सासूबाईंनी ते त्या वर्षी माझ्यावर सोपवलं.

बिब्ब्याचं तेल कातडीला लागू नये म्हणून मी हाताला खोबरेल चोपडलं आणि बिब्बे दगडानं फोडून कणगीत टाकले. अख्ख्या बिब्ब्याला वास तो काय येणार? मला वाटलं, फार हुशारीचं काम केलं.

पाच महिन्यांनी, नणंदेला बघायला कवठे महांकाळहून पाहुणे येणार होते त्या दिवशी सकाळी, ती कणगी पहिल्यांदा उघडली. वरवरची ज्वारी काढून सासूबाईंनी आणि मी दळली. पीठ कमी पडेल म्हणून मी पुन्हा सूप भरलं, आणि त्यात काळ्या, चिकट दाण्यांचा गोळा आला. बिब्ब्याचं तेल दाण्यांत उतरलं होतं. दळलेल्यात किती गेलं, कोण सांगणार? पिठात काळं काही दिसत नव्हतं.

बिब्बा लगेच उततही नाही. एक दिवस, दोन दिवस जातात, मग ओठ सुजतात, फोड येतात. म्हणजे चाखून बघण्यात अर्थ नव्हता. मी ओसरीवरून चुलीपाशी आणि चुलीपासून ओसरीवर फिरत राहिले. गाडी दुपारपर्यंत येणार होती.

शेवटी सांगितलं. "आत्याबाई, बिब्बे मी फोडून टाकलं व्हतं."

सासूबाई चुलीपुढून वळल्या. "फोडून? आगं, त्यो काय लसूण हाय?"

नणंद केस विंचरत होती. "वयनी, पावण्यांची तोंडं सुजली तर मला पसंत कोन करंल गं?"

"तू गप," सासूबाई म्हणाल्या. मग पीठ हुंगून मला म्हणाल्या, "वास तर न्हाई. तू उगंच भेतीस. येवढं पीठ टाकायचं न्हाई."

"मी ह्याच्या भाकऱ्या थापणार न्हाई," मी म्हणाले. लग्नानंतर त्यांना नाही म्हणायची ती पहिलीच वेळ.

मी परात घेऊन शेजारच्या बागवानांच्या घरी गेले. चाची दारातच होत्या.

"चाची, ज्वारीचं पीठ हाय का? पावणे येत्यात."

"पावणे दारात आनि पीठ शेजारी! सासूनं ह्येच शिकवलं व्हय?" असं म्हणत त्यांनी परात भरून दिली. कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पाहुणे जेवले, भाकरीला चांगली म्हणाले, मुलीला चार प्रश्न विचारले आणि घरी जाऊन कळवतो म्हणून गेले. मला बरं वाटायला हवं होतं. पण संध्याकाळी सासूबाईंनी आमच्याच पिठाची एक भाकरी भाजली आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. मी नको म्हणाले, ताट ओढलंसुद्धा. त्यांनी ताट परत घेतलं. "आता कळंल कोन खरं त्ये."

दुसरा दिवस मी त्यांच्या तोंडाकडे बघण्यात घालवला. भांडी घासताना, पाणी आणताना, काही ना काही निमित्त काढून समोर जाई. काहीच नव्हतं. त्या मुद्दाम मोठ्यानं बोलत होत्या. मी मनातून चिडले, आणि ओठ सुजावेत असंही एकदा वाटून गेलं, ते खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. वरचा ओठ दुप्पट झाला होता, हनुवटीवर बारीक फोड. मी तीळ वाटायला घेतले. त्यांनी लेप लावून घेतला.

मग म्हणाल्या, "पीठ परसात पूर. म्हशीलाबी घालू नगंस."

मी उठले. कणगीतली ज्वारी निवडायला आम्हा दोघींना पुढं आठ दिवस लागले.