लंगड्या मागाचं गाणं

नातीच्या फोनवर पोरं बोलत बोलत गातात. म्हणजे भांडल्यासारखं बोलतात, पण यमक जुळवून, आणि खाली नुसता ठोका. सुनेला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं दुखत असेल. नाही दुखत. मला यातलं कळतं. परवा नात म्हणाली, "आबा, तुमच्या वक्ती असं कोनी होतं का? कोनाले ऐकू, सांगा."

एके काळी आमच्या मोहल्ल्यात हा प्रश्न मला सगळेच विचारायचे. बायको गेल्यापासून मला कोणी काही विचारत नाही. जेवलात का, एवढंच विचारतात. म्हणून हे लिहून काढतो. शाळा चौथीपर्यंत झाली. चुका असतील, त्या तुम्हीच नीट करून वाचा.

पहिलं सांगतो. ज्याची तबकडी निघाली, जो रेडिओवर लागला, त्याला मी मोजत नव्हतो. तो सगळ्यांचा झाला. मला पाहिजे तो, ज्याला ऐकायला पाय झिजवावे लागतात. गांधीबागेच्या कापडबाजारात चिंध्यांचे गठ्ठे विकणारी एक बाई होती. गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कपडा पाहून तिथल्या तिथे दोन ओळी जोडायची, आणि माणूस स्वतःची फजिती ऐकून वर चिंध्याही घेऊन जायचा. तिला ऐकायचं तर नवा सदरा घालून जायचं नाही. भिवापूरच्या बाजारात एक मिरचीवाला पोत्यावर बसून गायचा. तिथे सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. गाण्याचं किती आणि मिरचीचं किती, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

बायको म्हणायची, यांना गाणं कमी आणि फिरणं जास्त आवडतं. हे अगदीच खोटं नव्हतं.

पण खरा गडी कामठीचा. तो आम्हाला दोघांना मिळून सापडला. बायको उमरेडकडच्या विणकराच्या घरची, मागाखालीच रांगलेली. तिची बहीण कामठीत दिलेली. तिच्याकडचा पाहुणचार आटोपून आम्ही बस पकडायला निघालो होतो, तर एका पॉवरलूमच्या शेडमधून आवाज आला. मागांचा तो कल्ला, आणि त्याच्या वरून एक माणूस बोलतो आहे. बोलतो कसला, शब्द फेकतो आहे. मी दारातच उभा राहिलो.

"धोटा धावे इकडं-तिकडं, मी उभा एक्या ठायी,
गावभर नेसते माह्यं लुगडं, घरवालीले नाही."

धोटा म्हणजे मागात आडवं सूत घेऊन पळतो तो. मी तर खलासच झालो. बायकोला म्हटलं, काय शब्द आहेत. ती म्हणाली, "तो माग लंगडते." म्हटलं, अगं गाणं ऐक. ती म्हणाली, मी तेच ऐकून राहिली. तिसऱ्या ठोक्याला त्याचा पाय अडखळतो, कोणी तेल दिलं पाहिजे. आमची बस गेली. 

त्या साली आमच्या वस्तीत जयंतीला मुकाबला ठेवला होता. मुकाबला म्हणजे समोरासमोर दोन पार्ट्या. एकाने ओळीत टोमणा मारायचा, दुसऱ्याने ओळीतच परतवायचा. ज्याची ओळ आटली, तो हरला. एक पार्टी ठरली होती, पेटी, ढोलकी, जाकिटं, सगळं बरोबर. तिच्यासमोर कोण, हे ठरायचं होतं. कमिटीचा अध्यक्ष मिलमधला माझा जोडीदार. मी म्हटलं, कामठीहून आणतो.

तो म्हणाला, "तुह्या भरवशावर बोलावतो गा. फसलं तं?"

मी म्हटलं, फसलं तर या मोहल्ल्यात पुन्हा गाण्याबद्दल तोंड उघडणार नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग फसू द्या." आणि हसलीही नाही, म्हणून मला जास्त लागलं. माझं दुसरं होतंच काय? मिलमध्ये मी मशीनचा एक भाग होतो. वस्तीत मात्र लोक विचारायचे, काका, कोणाला ऐकायचं? तेवढीच माझी इज्जत.

जयंतीच्या दिवशी दिवेलागणीला मंडप भरला. माझा गडी धुतलेल्या सदऱ्यात बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. समोरच्याने पेटीवर बोटं फिरवली आणि टोमणा टाकला. वस्तीच्याच ढोलकीवाल्याने माझ्या गड्याला ताल दिला, चांगला सरळ, गोल. गड्याने तोंड उघडलं. पहिली ओळ तालाच्या पुढे पळाली. दुसरी मागे राहिली. तिसरी आलीच नाही. तो ढोलकीकडे असा पाहत होता, जसा माणूस चुकून पायात आलेल्या दुसऱ्याच्या चपलांकडे पाहतो.

समोरच्याने सोडलं नाही:

"कामठीचा गडी आला, तोंडात कुलूप घालून,
चावी घरी विसरला काय, आन ना बाबू चालून."

मंडप हसला. अध्यक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी मंडपाच्या छताकडे पाहिलं.

मागे बाया पाहुण्यांसाठी पोळ्या लाटत होत्या. तिथून बायको उठली, पोळपाट-लाटणं हातात, कोपरापर्यंत कणीक. सरळ स्टेजवर चढली, ढोलकीवाल्याला सरक म्हणाली आणि त्याच्या जागी बसली. अध्यक्ष म्हणाला, वहिनी, हे काय? ती गड्याला म्हणाली, "भाऊ, तुमाले ढोलकी नाई, माग पायजे. घ्या."

आणि लाटण्याने पोळपाटावर सुरू केलं. खट, खटाक्, आणि तिसरा जरा थांबून, अडखळून. खट, खटाक्, ...खट. तोच लंगडा माग. कामठीच्या शेडमधला, जसाच्या तसा.

गड्याचे हात मांड्यांखालून निघाले.

"कुलूप माह्यं, चावी बाईची, पोळपाटावर वाजे,
तुह्या पेटीत हवाच हवा, माह्या लाकडाले लाजे."

मग त्याला थांबवणं कोणाला जमलं नाही. समोरच्याने जाकीट काढलं, बाह्या सरकवल्या, घाम पुसला, शेवटी पेटीचं झाकण लावून तोही टाळ्या वाजवायला लागला. पोळ्या करायच्या राहून गेल्या. लोक नुसत्या वरणावर जेवले आणि तक्रार कोणी केली नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष घरी आला. मला वाटलं मला शाबासकी द्यायला. तो बायकोला विचारायला आला होता, वहिनी, पुढच्या साली कोणाला बोलवायचं?

लाउडस्पीकरवाल्याकडे टेपरेकॉर्डर होता, त्याने सगळं कॅसेटमध्ये भरलं. पण टेप ठेवला होता ढोलकीवाल्याच्या जागेपाशी. म्हणून कॅसेटमध्ये पोळपाट कानाजवळ वाजतो आणि गडी दुसऱ्या मोहल्ल्यातून ओरडल्यासारखा येतो. मी बायकोला कित्येक वर्षं म्हणत होतो, तू माझी कॅसेट खराब केली वं. ती म्हणायची, मंग नका ऐकू.

गडी पुढे कुठे गेला, माहीत नाही. त्याची तबकडी निघाली नाही. नातीने ती कॅसेट फोनमध्ये घेतली आहे. म्हणते, आबा, याच्यात तर ठोकाच भारी आहे. मी म्हटलं, तोच ऐक.

तर माझी शिफारस हीच. बाकी कोणाला नाही ऐकलं तरी चालेल. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, गडी श्वास घ्यायला थांबतो तिथे ठोका चालू असतो, आणि त्यातच बायकोचा आवाज येतो, मला, समोर बसलेल्याला, हळूच: "अवो, डोकं नका हालवू. माहा ताल चुकून राहिला."

मी ऐकताना आताही डोकं हलवत नाही.