अळणी नवरात्र

बटालियनच्या क्रॉस कंट्री टीमचा कॅम्प त्या वर्षी मुळशीला लागला. धरणाच्या काठी तंबू. पहाटे पीटी, नाश्ता, मग डोंगरातली लांब रन. मी हवालदार, टीमचा उस्ताद. स्पर्धा दसऱ्यानंतर लगेच होती आणि आमची सगळी भिस्त नाईक सोपानवर होती. चढावर त्याच्या मागे लागणं म्हणजे आपलीच फजिती करून घेणं.

सोपान त्याच मुलुखातला. कॅम्पपासून हाकेच्या अंतरावर त्याचं घर. लेक फौजेत लागला तर दर नवरात्रात अळणी खाईल, असा त्याच्या आईने, सखूबाईंनी, देवीला नवस बोलला होता. बोलायचा आईने, फेडायचा लेकाने. नवरात्र उठेपर्यंत मिठाचा कण नाही. माउली रोज डब्यातून बिनमिठाची भगर आणायची, आम्हालाही आग्रह करायची. आम्ही एक घास खाऊन पळ काढायचो.

रननंतर प्रत्येकाने मीठ-साखरेचं पाणी प्यायचं, ही स्टँडिंग ऑर्डर. सोपान साधं पाणी प्यायचा.

"सोपान, मीठ घे. ऑर्डर आहे."

"उस्ताद, आईचा शबुद हाय. पाणी लई पितो की. पळायला कमी पडलो तर बोला."

तो कमी पडत नव्हता. त्यामुळे सुभेदारसाहेबांनीही विषय सोडला.

सातवी माळ रविवारी आली. ऊन कडक होतं. शेवटच्या चढाला सोपान मागे पडला. असं कधीच झालं नव्हतं. तो डोकं धरून बसला, ओकला. बोटं सुजली होती. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. सगळ्यांनी आपापल्या बाटल्या त्याच्या तोंडाला लावल्या. तो पीत राहिला. थोड्या वेळाने तो मला ओळखेना. मी वॉकीटॉकी घेतला.

"बेस, रनर वन. सोपान गिर गया. गाडी भेजो. ओव्हर."

"होश में है? ओव्हर."

"नहीं के बराबर. जल्दी करो. ओव्हर."

गाडीतून नर्सिंग असिस्टंट उतरला, मागोमाग सखूबाई. डबा घेऊन कॅम्पवर आल्या होत्या, तशाच गाडीत चढल्या.

"मावशी, यानं मीठ कधीपासून खाल्लं नाही?"

"घट बसल्यापास्नं."

असिस्टंटचा चेहरा उतरला. "पाणी बंद करा! अंगातलं मीठ संपलंय याच्या, पाण्यानं उरलंसुरलंही पातळ होतंय. हॉस्पिटल गाठलं पाहिजे."

गाडी पुण्याकडे सुटली. सखूबाईंनी आमच्या सामानातली मिठाची पुडी फोडली आणि चिमूट लेकाच्या ओठाशी नेली.

"खा रं लेकरा. मोडला म्या नवस. देवीचं मी बघती."

सोपानने दात आवळून तोंड फिरवलं. शुद्ध नव्हती, पण नवस सुटत नव्हता. मग त्याला झटके सुरू झाले.

भुकूमला लवासाहून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. मी उतरून पुढे धावलो. बॉनेटवर हात आपटले, शिव्या दिल्या, हात जोडले. आयुष्यात इतका जीव तोडून कधी धावलो नव्हतो. वाट मोकळी झाली. मागे वळलो, तर आमची गाडी जागची हलली नव्हती. ड्रायव्हर टोपी काढून उभा होता.

आता मी रिटायर झालोय. दसऱ्याला सखूबाईंकडे जातो. सोपानच्या युनिफॉर्ममधल्या फोटोपुढे त्या नैवेद्याचं ताट वाढतात. त्या दिवसापासून त्या स्वतः बारा महिने अळणी खातात. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, हे त्यांना ठाऊक आहे. तरी आमटीची वाटी माझ्यापुढे धरतात.

"उस्ताद, बघा बरं. सोपानला मीठ कमी न्हाई ना पडलं?"