किड्यांची सिस्टर

रातकिड्यांना गाजर घालायच्या आधी सिस्टर त्याची एक चकती स्वतः चावून खायच्या आणि तासभर थांबायच्या. "फवारणीचं असलं तर आधी मले समजन. त्या बिचाऱ्यायले काहून मारू?" एका चकतीनं माणसाला काय समजणार, देव जाणे! पण त्यांच्याशी वाद घालायची बडनेऱ्यात कोणाची छाती नव्हती.

त्या माझ्या शेजारी राहायच्या. उभं आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून गेलं, लग्न केलं नाही. त्या रिटायर झाल्या आणि पुण्याला निघालेल्या भाचीनं आपली पाळीव पाल त्यांच्या गळ्यात मारली. भिंतीवरची नव्हे; ठिपक्यांची, जाड शेपटीची, परदेशी जातीची. तिचं नाव पिवळी. तिला जिवंत किडाच लागायचा, म्हणून सिस्टरांनी मागच्या खोलीत प्लास्टिकच्या डब्यांत रातकिडे पाळले.

मी हसलो. "काय सिस्टर, वॉर्ड उघडला की काय?"

"हास, हास. पन हात धुतल्याबिगर आत पाय नाही टाकायचा. कोपरापर्यंत धू."

आणि खरंच तो वॉर्ड होता. सकाळी चहाच्याही आधी त्या चिमटा घेऊन मेलेले किडे वेचायच्या. "मेलेला पडू देला का जित्ता त्याले खाते, मंग तो बी जाते." किडे लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे असत, एक कोपरा जरी ओला झाला तरी अख्खा ट्रे बाहेर. पाण्याची वाटी कधीच नाही, तहानेला दुधी नाहीतर गाजर. मी म्हणायचो, शेवटी पालीच्याच पोटात जाणार ना, मग एवढे लाड कशाला? त्यावर त्या चिडायच्या. "किड्याच्या पोटात जे आहे, तेच तिच्या पोटात जाते. एवढं बी समजत नाही तुले?" पिवळी त्यांच्या तळहातावर डोळे मिटून बसायची. त्या माउलीला घरात दुसरं होतं तरी कोण?

मे महिन्यात त्यांना अमरावतीला भरती केलं. पोटात गाठ निघाली होती. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माह्या पिवळीले सांभाळजो गा."

ऊन असं की घरात बसवत नव्हतं. मला किड्यांची दया आली. मी शहाण्यानं काय करावं? डब्यांसमोर कूलर लावून दिला! दोन दिवस चिमटा घेऊन बसायचाही कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर खोलीभर घाण वास. दमट हवेनं ट्रे भिजून लगदा झालेले, त्यांना बुरशी आलेली, किड्यांचा खच पडलेला. तेव्हाही मला अक्कल आली नाही. त्यातले वळवळणारे वेचले आणि पिवळीला घातले. चार दिवसांत ती सुकली आणि मेली. परसात खड्डा करताना मला स्वतःची इतकी किळस आली, काय सांगू.

मी रोज संध्याकाळी दवाखान्यात जायचो. सिस्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "किती खाल्ले?"

"पाच," मी म्हणायचो. पिवळी मेल्यावरही पाच. एक दिवस त्यांना बरं वाटावं म्हणून "सहा" म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "गेली ना ते?"

मी त्यांच्या चादरीचं टोक सारखं करायला लागलो.

"पेशंटच्या नातेवाइकायले मी बी असंच सांगत होती. जेवले, झोपले, बरे आहेत. मले काय शिकवतं?" त्यांचे डोळे भरून आले. मी कूलरपासून सगळं सांगून टाकलं, पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

नंतर त्या जेमतेम पंधरा दिवस होत्या. मी रोज गेलो. त्यांनी मला हाकलून दिलं नाही, माझ्या हातचं पाणीही प्यायल्या. पण डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगायला लागलो, साधी औषधाची वेळ जरी सांगितली, तरी त्या माझं बोलणं संपेपर्यंत थांबायच्या आणि ड्यूटीवरच्या पोरीला हाक मारून विचारायच्या, "बाई, हा सांगून राहिला, ते खरं आहे काय?"