उडीला झालेला उशीर

व्हिडिओ गेम खेळायचे आणि ते चांगले की वाईट ते लिहायचं, एवढ्यावर माणसाचं पोट भरू शकतं हे त्याच्या आईला आजतागायत पटलेलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं की ती "लिहिण्याचं काम करतो" एवढंच सांगते आणि घाईघाईने हवापाण्याकडे वळते. मुलगा पन्नाशीला टेकला, केस पिकले, आणि भर सकाळी हॉलमध्ये मांडी घालून टीव्हीतल्या राक्षसाशी झुंजतो, हे कुणाला आणि कुठल्या तोंडाने सांगायचं?

मासिकाच्या ऑफिसात त्याला सगळे 'आजोबा' म्हणत. लग्न नाही, मूल नाही, तरी थेट आजोबा. या धंद्यात तिशी ओलांडलेला माणूसही जुनाजाणता ठरतो, आणि याने तर इथे उमर घालवली होती. त्याचं नाव झालं ते घाईच्या खेळांवर. शर्यती, मारामाऱ्या, उड्या मारत कडे चढायचे खेळ. डोळ्याला दिसलं की अंगठा हललाच पाहिजे, मध्ये विचार करायला सवड नाही, असले. आजोबांनी दहापैकी आठ दिले म्हटलं की वाचक डोळे झाकून खेळ विकत घ्यायचे. त्याला याचा अभिमान होता आणि तो त्याने कधी फारसा लपवलाही नाही.

आईचे निकाल वेगळे असत. तो खेळायला बसला की तीही मटाराच्या शेंगा किंवा विणकाम घेऊन सोफ्यावर बसायची आणि न विचारता मत द्यायची. भुताच्या खेळात तो अंधाऱ्या जिन्यावरून जीव मुठीत धरून उतरत असला की म्हणायची, "एवढा घाबरतोस तर आधी दिवा लाव ना त्या घरातला." मारामारीच्या खेळातल्या दोन पैलवानांबद्दल तिचं म्हणणं होतं की या दोघांना घरी कुणी विचारत नसावं. फुटबॉलचा खेळ तिला सपशेल नापास होता, कारण जिंकल्यावरही तो ओरडायचा नाही. खुनाचा तपास करायच्या खेळात तिने पहिल्याच प्रसंगात "माळ्याने केलंय" असं जाहीर केलं, आणि पुढचे तीन दिवस त्याने रागारागाने सगळ्या संशयितांना उलटसुलट प्रश्न विचारून शेवटी माळ्यालाच पकडलं. त्या खेळाला त्याने सहा गुण दिले. आईला वगळून विचार केला असता तर सात दिले असते.

त्या वर्षी मासिकात नव्या संपादक आल्या. वयाने त्याच्याहून बऱ्याच लहान, कामाला चोख, बोलायला गोड. त्यांनी एक दिवस त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"आजोबा, कामाची जरा फेरवाटणी करतेय. कोडी, शेती, गोष्टीचे खेळ, हे शांत खातं तुम्ही सांभाळा. घाईचे खेळ धाकटीकडे देऊ या का?"

धाकटी म्हणजे ऑफिसातली सगळ्यात नवी समीक्षक. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, आणि एका हाताने सँडविच खात दुसऱ्या हाताने शर्यत जिंकणारी.

"का? माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

"चुकलं नाही हो. पण हल्ली तुम्ही घाईच्या खेळांवर फार चिडून लिहिता."

"खेळच तसे येतायत."

"असं करा," संपादक म्हणाल्या, "महिनाभर शांत खातं बघा. मग तो शेळीचा खेळ येतोय, कडा चढायचा. तो तुम्ही करा. त्यावरून ठरवू."

घाईचे खेळ गेले की आपण राहिलो काय, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. शांत खेळ त्याला आवडत नसत असं नाही, पण ते कुणीही करावेत. नाव होतं ते अंगठ्याचं.

महिनाभर त्याने निमूटपणे शेती केली, कोडी सोडवली, एका बोलक्या मांजराबरोबर लांबलचक आगगाडीचा प्रवास केला. शेतीच्या खेळाबद्दल त्याने लिहिलं की इतके भरदार रंग त्याने अलीकडे पाहिले नव्हते. भोपळ्यांवरचा पिवळा तर हातात घ्यावासा वाटतो. आईनेही मान डोलावली. "पाणी घातलं की लगेच उगवतं. बरं आहे बाई यांचं."

मग शेळी आली.

खेळ साधाच होता. पांढरी शेळी, उभा कडा, वर कुठेतरी हिरवं कुरण. एकच बटण, एकच उडी. तो पहिल्याच सकाळी इतक्यांदा पडला की आईने विणकाम बाजूला ठेवलं.

"अरे, त्या मुक्या जनावराला कशाला सारखा पाडतोस?"

"मी नाही पाडत गं. बटण दाबलं तरी ती उशिरा उडते."

त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दगडाच्या अगदी कडेला आल्यावर बटण दाबायचं, आणि शेळी उडायच्या आत पाय निसटलेला असायचा. तो आठवडाभर झगडला, निम्म्या कड्यापर्यंत कसाबसा पोचला, आणि मग त्याने निकाल लिहिला. घाईच्या खेळात पडलो तर ती चूक आपली वाटली पाहिजे. इथे ती खेळाची आहे. उडी उशिरा लागते. दहापैकी चार.

दोन दिवसांत बाकीच्या ठिकाणांचे निकाल आले. सगळ्यांनी खेळ डोक्यावर घेतला होता. एकाने तर लिहिलं होतं की अशी चपळ, हुकमी उडी गेल्या कित्येक वर्षांत झाली नाही. मग मासिकाच्या वाचकांनी त्याला धरलं. आजोबा, चष्मा बदला. आजोबा, शेळीला दोष देऊ नका, गुडघ्यांना तेल लावा. अशा चेष्टेला तो एरवी चेष्टेनेच उत्तर द्यायचा. या वेळी त्याने ते पान उघडायचंच सोडून दिलं. संपादकांनी फोन केला नाही, याचंच त्याला जास्त भय वाटलं.

त्या रविवारी त्याने आईच्या टीव्हीची व्यवस्था लावून दिली. तिला हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून चॅनेलच्या बॉक्सला त्याने आपले जुने स्पीकर थेट जोडले आणि ते तिच्या कानापाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, "आवाज छान येतो. पण माझ्या मालिकेतली सून आता तोंड उघडायच्या आधीच बोलते."

"सूनच ती," तो म्हणाला. "तिला दम कुठला?"

"चेष्टा नाही करत. शब्द आधी येतो, ओठ मागून हलतात. सासूचंही तसंच."

त्याने कप तोंडाशी नेला होता तो तसाच खाली ठेवला. आवाज बॉक्समधून थेट येतो, चित्र टीव्हीतून येतं. आवाज वेळेवर आहे. मग चित्र उशिरा येतंय.

"आई, तू टीव्हीचं काही केलंस का?"

"मी? मी काही नाही केलं," ती म्हणाली, आणि मग जरा वेळाने, "मागे एकदा, तुझी ती शेती सुरू व्हायच्या सुमारास, सगळ्यांचे चेहरे फिक्कट दिसत होते, म्हणून रिमोटवरची बटणं दाबून पाहिली. छान झालं ना पण? कशी तुकतुकीत दिसतात आता सगळी."

त्याने सेटिंग उघडून पाहिलं. टीव्ही 'व्हिविड'वर, म्हणजे भडक रंगांवर होता. त्या सेटिंगवर टीव्ही प्रत्येक चित्राला आधी पावडर-कुंकू करतो आणि मगच बाहेर पाठवतो. बघणाऱ्याला ते कळतही नाही, पण खेळणाऱ्याचं बटण आणि शेळीची उडी यांच्यात तेवढा उशीर पडतो. त्याच्या खेळांचा आवाज टीव्हीतूनच यायचा, त्यामुळे तोही चित्राबरोबर मागे राहिला आणि त्याला पत्ता लागला नाही. खेळायला बसण्याआधी टीव्हीचं सेटिंग बघायचं, ही या धंद्यातली पहिली पायरी. नवख्याने चुकवली असती तर याने भर मीटिंगमध्ये त्याची हजेरी घेतली असती. महिनाभर शांत खेळ होते म्हणून लागला नाही तो उशीर. भोपळा काय, थोडा उशिरा पिकला तरी कुणाच्या लक्षात येतो?

त्याने सेटिंग बदललं. मालिकेतली सून फिक्कट झाली आणि वेळेवर बोलू लागली. मालिका संपेपर्यंत तो पाय हलवत बसून राहिला, आणि मग शेळीला बोलावलं. बटण दाबलं, शेळी उडाली. दाबलं, उडाली. काय सुरेख उडी होती ती! जेवणाच्या वेळेपर्यंत तो निम्मा कडा ओलांडून कितीतरी वर गेला. आईला हाका मारमारून दाखवत होता, टीव्हीमुळे आपला निकाल कसा चुकला ते सांगत होता. त्याचा जीव भांड्यात पडला. हात शाबूत होता. दोष टीव्हीचा होता.

सकाळी तो ऑफिसात गेला तो जवळजवळ पळतच. संपादक यायच्या होत्या, म्हणून खेळायच्या खोलीत जाऊन बसला. तिथे धाकटी कॉफी घेऊन आलीच. त्याने तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली.

"म्हणजे त्या शेतीच्या खेळाचे रंग?"

"तेही टीव्हीचेच," तो ओशाळून म्हणाला.

"अयाई गं! आजोबा, भोपळ्याची माफी मागावी लागणार." तिने खेळ लावला. "शेवटचा चढ केलात का? मी घरी केला, भारी आहे. बघा हं." गप्पा मारता मारता तिने शेळी वर नेली. दगड पायाखालून सुटायचे, ढगातून दुसरे यायचे, आणि ही बाईसाहेब त्याला काल रात्रीच्या सिनेमाची गोष्ट सांगत होती. दोनदा पडली, तिसऱ्यांदा कुरणात पोचली. "घ्या, आता तुम्ही."

तो बसला. ऑफिसचा टीव्ही, सेटिंग त्याने स्वतः तपासलेलं. पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदा पडला. मग मोजणं सोडून दिलं. दगड सुटताना त्याला दिसत होता, स्पष्ट दिसत होता. दाब, असं तो स्वतःला सांगतही होता. आणि अंगठा बटणावर टेकेपर्यंत शेळी गेलेली असायची. कुणाचा उशीर होता तो? टीव्हीचा नव्हता. खेळाचा तर नव्हताच.

धाकटीने आधी "अरेरे" म्हटलं, मग "जवळ होतं हो," म्हणाली, आणि मग तिने फोन काढून त्यात डोकं घातलं. त्याला पडताना बघायचं नाही म्हणून घातलं, हे त्याला कळलं. ती हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

संपादक आल्या. टीव्हीची गोष्ट ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "मग प्रश्नच मिटला! टीव्हीमुळे चूक झाली, एवढं छापू आणि नवा निकाल देऊ. वाचकांना तर हा किस्सा फार आवडेल. मला वाईट वाटत होतं हो, तुमच्याकडून काम काढून घ्यायचं म्हणजे. पुढच्या आठवड्यात शर्यतीचा मोठा खेळ येतोय. तो तुमचाच."

हेच ऐकायला तो धावत आला होता. आता नुसतं "बरं" म्हणायचं होतं. धाकटी दारात उभी होती. ती काही बोलणार नव्हती, याची त्याला खात्री होती.

"शर्यत हिला द्या," तो म्हणाला.

"आता काय झालं? टीव्ही तर नीट झाला ना?"

"टीव्ही झाला. शेवटचा चढ मला येत नाही, मॅडम. आत्ताच हिच्यासमोर बघितलं. या खेळाला मी आठ देणार आहे, पण ज्याला तो शेवटपर्यंत खेळता येत नाही त्याने शर्यतीच्या गाड्यांना गुण देत बसू नये. मागे ज्यांच्यावर चिडून लिहिलं, ते खेळही हिला एकदा बघू द्या."

संपादक खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "टीव्हीचंच छापलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुणाला नाही," तो म्हणाला.

नवा निकाल त्याने दुपारी तिथेच बसून लिहिला. टीव्हीचं लिहिलं, भोपळ्यांचं लिहिलं, उडीची मनापासून तारीफ केली. शेवटचा चढ आपल्याला जमला नाही आणि तो खेळाचा दोष नाही, हेही लिहिलं. आपल्या हातातलं सगळ्यात चांगलं काम आपणच दुसऱ्याला देऊन आलो, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. चूक केली असं मात्र एकदाही वाटलं नाही.

घरी आला तेव्हा टीव्ही बंद होता. मालिकेची वेळ होऊनही आईने तो लावला नव्हता.

"रागावले का रे ऑफिसात?" तिने विचारलं. "माझ्यामुळे झालं सगळं. दिवसभर जिवाला चैन नाही. मी नाही आता हात लावणार त्या रिमोटला."

तुझ्यामुळे, असं हसत म्हणून त्याला वेळ मारून नेता आली असती. तो तिच्या शेजारी बसला.

"तुझ्यामुळे नाही गं. टीव्ही नीट केला तरी मी पडतोच. माझे हात हळू झालेत. घाईचे खेळ मी सोडून आलो आज."

आईला बहुधा अर्धंच ऐकू आलं. पण 'हात' तेवढं नेमकं आलं.

"कुठला हात? दाखव बघू," ती म्हणाली, आणि चष्मा लावला.

त्याने उजवा हात पुढे केला. तिने तो मांडीवर घेतला, अंगठा उलटासुलटा करून पाहिला, हलकेच दाबला. "दुखतो का इथे?"

"दुखत नाही, आई," तो म्हणाला, आणि त्याला रडू आलं.