मंजूर झालेली मंडई

बोडीटोल्याच्या लटारूनं आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. दिवसा तलावात जाळं टाकायचं आणि दिवाळीनंतर लुगडं नेसून दंडारीत राणी व्हायचं. मासे कधी मिळत, कधी नाही. पण लटारू राणी होऊन उभा राहिला की पाच गावांच्या बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "बाई, आपल्याले तं असं चालता बी येत नाई!" मिशी त्यानं जन्मात ठेवली नाही. त्यावरून बायको गुणाबाई त्याला वर्षभर टोचून खायची, आणि दंडारीच्या दिवशी पेटीतलं सगळ्यात चांगलं लुगडं तीच काढून द्यायची.

मंडई म्हणजे काय, हे आमच्या झाडीपट्टीत कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्याला सांगावं लागतं, आणि सांगितलं नाही तर काय होतं तीच ही गोष्ट आहे. दिवाळी झाली की एकेक गाव आपला दिवस धरतं. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, पोरीबाळींच्या सोयरिकी बघून ठेवल्या जातात, आणि रात्रभर गावच्या आखरावर, म्हणजे जिथं सकाळी गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, दंडार होते. नाच, गाणी, सोंगं, सगळं एकत्र. त्या दिवसाचं नाव मंडई.

पूर्वी तिचा खर्च मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, सोसायचा. दिव्यांचं तेल, ढोलकीचं कातडं, पाहुण्यांची पानं-बिड्या. मालगुजारी गेली तेव्हा गावात कुणी रडलं नाही, रडण्यासारखं काही नव्हतंच. पण तेलही तिच्याबरोबर गेलं. चार-पाच वर्षं गावानं रेटून नेली. ढोलकी फुटली ती तशीच राहिली. मग एका वर्षी मंडई झालीच नाही.

लटारूचा गळा आता बसत चालला होता आणि गुडघे बोलू लागले होते. त्याला राणीपण उतरवायचं होतं. ते कुणाच्या तरी अंगावर घालून मोकळं व्हायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. शेजारचा लच्छू तयारीचा होता, गळा गोड, कंबर हलकी. पण त्याचे सोबती बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लागले होते आणि त्यालाही बोलावून राहिले होते. लच्छू म्हणाला, "काका, यंदा मंडई झाली तं थांबतो. नाई झाली तं जातो. नुसते बोल पाठ करून का करू?" पोराचं काही चुकत नव्हतं.

अशात ग्रामसेवकानं बातमी आणली की सरकार लोककलेला, वाचनालयाला, भजनी मंडळाला अनुदान देते. निम्मे पैसे सरकारचे, निम्मं काम गावकऱ्यांचं. पाटील बापूजी खूश झाले. म्हणाले, "घ्या! नवा मालगुजार भेटला." शाळेचे नथ्थू मास्तर कागद घेऊन बसले आणि लटारूला विचारलं, "का लिहू?"

लटारू म्हणाला, "लिवा ना जी, का गावाची मंडई बंद पडून राह्यली. ते उभी करून द्या. जागा आखरावर आहे."

मास्तरही झाडीचेच. त्यांना त्यात काही खटकलं नाही. त्यांनी सुंदर अक्षरात तसंच लिहिलं आणि सगळ्यांनी अंगठे उठवले.

तेवढ्यात राज्याची हद्द बदलली. आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो असं मास्तरांनी सांगितलं. बोडीटोला होता तिथंच राहिला. फक्त ऑफिसात देशावरचे नवे साहेब आले. लटारू दोनदा बैलबंडीनं आणि एकदा पायी ऑफिसला जाऊन आला. दर वेळी उत्तर एकच, "कागद वर गेला आहे." तिसऱ्या खेपेला परतताना तो वाटेत मोहाच्या झाडाखाली बसला आणि उठावंसंच वाटेना. अंग नाही, मन थकलं होतं. एका रात्रीच्या नाचासाठी माणसानं किती पाय झिजवावेत?

आणि मग मंजुरी आली! मिस्त्री आला, सिमेंटच्या गोण्या आल्या. गावानं श्रमदान केलं. लटारूनं नदीची रेती डोक्यावर वाहिली, गुणाबाईनं गिट्टी फोडली. आखरावर ओळीनं ओटे उठू लागले, कमरेएवढे, वर टिनाचं छत. एवढे ओटे कशाला, यावर गावात वाद झाला. एक म्हणे, एकावर राजा, एकावर राणी. दुसरा म्हणे, पाहुण्यांना बसायला. बापूजी म्हणाले, "सरकारचं काम आहे, विचार करूनच केलं असंल." आणि वाद तिथंच मिटला. मिस्त्रीला कुणी विचारलं नाही. मिस्त्री तेलुगू, विचारून उपयोगही नव्हता.

उद्घाटन दिवाळीनंतर ठरलं, गावानं तोच मंडईचा दिवस धरून सोयरे बोलावले, आणि साहेब जीपनं आले. लटारू लुगडं नेसून, कुंकू लावून, लच्छूला शेजारी घेऊन उभा होता. आज रात्री आपण पहिलं कवन म्हणायचं आणि दुसऱ्याला लच्छूला पुढं करायचं, असं ठरलं होतं. साहेबांनी फीत कापली. दंडारवाल्यांकडे कौतुकानं पाहिलं. म्हणाले, "वा, स्वागताची छान तयारी केलीत. बरं, भाजीवाल्या कुठं आहेत?"

कुणालाच कळेना. साहेब चांगले गृहस्थ होते, समजावून सांगू लागले. एका ओट्यावर पालेभाजी, एकावर वांगी-टोमॅटो, शेवटचे दोन मासळीला. पाणी वाहून जायला उतार ठेवलेला आहे.

नथ्थू मास्तरांच्या डोक्यात आधी उजेड पडला. त्यांचा चेहरा उतरला. ते लटारूच्या कानाशी लागले, "लटारूभाऊ, त्यायच्याकडं मंडई म्हंजे भाजीबाजार असते जी. थे भाजीबाजारच समजले." ज्या गावात घराघराच्या वाडीत वांगी आणि वाल लागतात, तिथं भाजी विकत कोण घेणार, हा प्रश्न साहेबांना पडला नव्हता. आणि गावाला इतके दिवस ओटे बघून प्रश्न पडला नव्हता. दोन्हीकडे सारखंच.

बापूजींनी घाईनं बायांना पिटाळलं. गुणाबाई वाडीतली वांगी ओच्यात घालून आली आणि अवघडून ओट्यावर बसली. साहेबांनी फोटो काढायला लावला. मग लटारूकडे वळून आपुलकीनं म्हणाले, "अर्जावर पहिला अंगठा तुमचा आहे ना? तुमचीच मागणी होती ना ही?"

बोलायची वेळ ती होती. लच्छू त्याच्याकडे बघत होता. पण बापूजीही बघत होते. मागणी चुकली म्हटलं तर खर्च कुणाच्या माथी? गावाची नाचक्की वेगळी, आणि पुढचा अर्ज? पुन्हा ऑफिस, पुन्हा बैलबंडी, पुन्हा वर गेलेला कागद. लटारूच्या तोंडात शब्द आले होते, पण ते उचलायला जीव उरला नव्हता.

"हो जी," तो म्हणाला. "आमचीच."

त्या रात्री शेजारच्या गावाहून मागून आणलेली ढोलकी वाजली खरी. पण दंडारीला दोन ओळी समोरासमोर नाचायला जागा लागते, आणि ओट्यांच्या मधून एक म्हैस जेमतेम गेली असती. आखराबाहेर चहूकडे धान उभं. पोरं धडपडली, हसली, हळूहळू पांगली. पाहुणे जेवले आणि झोपायला गेले. लच्छूचं कवन झालंच नाही. आठ दिवसांनी तो बल्लारपूरला गेला. जाताना पाया पडला, तेव्हा लटारूला त्याला थांब म्हणायचं तोंडच नव्हतं. फार लागलं लटारूला ते. पुढच्या दिवाळीला पाहुणे आलेच नाहीत.

ओटे मात्र वाया गेले नाहीत, खोटं कशाला बोला. चिमूरकडचा एक व्यापारी आधी बटाटे-कांदे घेऊन बसू लागला, मग दोघे-तिघे. बाया आधी नुसत्या बघायला जात, मग घेऊ लागल्या. लटारूचे मासेही गुणाबाई तिथंच विकू लागली. लटारूनं आता मिशी ठेवली होती.

बऱ्याच वर्षांनी एका कार्तिकात तो पडवीत खाटेवर पडला होता. सून प्रेमिला दारातून म्हणाली, "मामाजी, मी मंडईत जाऊन येतो."

लटारू ताडकन उठून बसला. "कोन्या गावची?"

"कोन्या गावची म्हंजे?" प्रेमिला हसली. "आपलीच जी. कांदे सरले ना."

लटारू पुन्हा खाटेवर आडवा झाला.

"थैली घेऊन जा," तो म्हणाला.