मनोहर हरला तेव्हा आम्ही पुऱ्या तळत होतो

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मनोहर उभा होता, मी त्याचा प्रचारप्रमुख होतो, आणि मतदानाच्या दिवशी त्याचे सगळे मतदार मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळायला पाठवले. मतदान बाहेर हॉलमध्ये झालं. मनोहर पडला.

ही गोष्ट मी कार्डिफमध्ये भेटेल त्याला रंगवून सांगत आलो आहे. मनोहर बहुतेकदा शेजारीच बसलेला असायचा. मी कढईपर्यंत पोचलो की तो हळूच म्हणायचा, "नाही रे, चूक माझी होती." मग ऐकणारे मान डोलवायचे, काय मोठ्या मनाचा माणूस! आणि मी पण डोलवायचो, कारण असा मित्र असण्यात माझाही थोडा मोठेपणा होताच.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा, रियाचा, फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटमध्ये सेल्फ-चेकआउटच्या यंत्राशी भांडत होतो. कोथिंबिरीची जुडी ते मान्यच करत नव्हतं. रिया म्हणाली, "काका, बाबा गेला." मी त्या यंत्राच्याच तिरीमिरीत विचारलं, "कुठे?" मग ती चक्क हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी कोथिंबीर तिथेच टाकून बाहेर आलो आणि पार्किंगमध्ये ट्रॉल्यांच्या रांगेला धरून उभा राहिलो.

मनोहर मूळचा नागपूरचा, इथल्या सरकारी हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. मी पुण्याचा, युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, म्हणजे माझ्या कामानं कुणी झोपलं तर तक्रार यायची. आमची मैत्री जमली ती बायकांमुळे. त्याची सुनंदा आणि माझी शुभा एकाच बसमधून कामाला जायच्या. मनोहर निवृत्त झाला आणि त्याच वर्षी सुनंदा गेली. नंतर एकदा आम्ही न कळवता त्याच्याकडे गेलो, तर हा सिंकपाशी उभा राहून पातेल्यातूनच खिचडी खात होता. शुभा म्हणाली, "अहो भावजी, ताट कुठाय?" तर म्हणे, "ताट घेतलं की बसावं लागतं, वहिनी. एकट्यानं बसायचं कुणासमोर?"

त्याच्या डोक्यात मग एक कल्पना शिरली. आमच्या गावात अशी सिंकपाशी जेवणारी माणसं पुष्कळ होती. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची मुलं लंडनला. दर गुरुवारी दुपारी कम्युनिटी हॉल मंडळाच्या नावावर असायचा आणि रिकामा पडून राहायचा. तिथे या सगळ्यांनी एकत्र जेवावं, एवढंच त्याचं म्हणणं. कमिटीनं इन्शुरन्स, हेल्थ अँड सेफ्टी, जिना, असं सगळं काढून ते उडवून लावलं. तेव्हा हा मवाळ माणूस माझ्या घरी आला आणि म्हणाला, "मी अध्यक्षपदाला उभा राहतो. त्याशिवाय हे जेवण होणार नाही. तू प्रचार कर, तुला बोलता येतं."

बोलता येतं, हे खरं. अक्कल त्यानं विचारलीच नव्हती.

आमचा प्रचार पहिल्या आठवड्यातच लंगडायला लागला. प्रचार म्हणजे घरोघरी जाणं आणि घरोघरी जाणं म्हणजे पोहे. मनोहरला मधुमेह. पहिल्या घरी त्यानं आग्रहापुढे मान तुकवून दोन बशा खाल्ल्या आणि दुसऱ्या घरी नुसतं पाणी मागितलं. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर कार्डिफच्या पोह्यांची जाहीर प्रतवारी लागली. बरं, भाषण करावं तर आयुष्यभर लोकांना झोपवण्याचा सराव कुठे जातोय! समोर उभ्या होत्या निर्मलाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नुसता चष्मा काढला तरी हॉल गप्प व्हायचा.

तेव्हा मी हुकमाचं पान काढलं. दरवर्षी वार्षिक सभेत केटररच्या गार, चामट पुऱ्यांवर लोक चिडायचे. मी घोषणा केली, यंदा जेवण आमच्याकडे, आणि पुरी कढईतून थेट पानात! लोक खूश झाले. प्रश्न मनुष्यबळाचा आला. पण जो आपल्यासाठी राबेल तोच आपल्याला मत देईल, हे उघड होतं. म्हणून मी आमची सगळी भरवशाची माणसं लाटायला, तळायला, श्रीखंड वाटीत भरायला लावली आणि स्वतः झारा हातात घेऊन सेनापती झालो; उमेदवार तेवढा बाहेर हॉलमध्ये. धुरानं हॉलचा अलार्म वाजू नये म्हणून दार बंद, वर एक्झॉस्ट पंखा विमानासारखा घरघरतोय. तेल तापायला उशीर झाला. बाहेर मावळते अध्यक्ष म्हणाले, "जेवायला वेळ आहे, तोवर निवडणूक उरकून घेऊ." हात वर करून मतदान! आम्ही पहिला घाणा घेऊन विजयी वीरांसारखे बाहेर आलो, तेव्हा निर्मलाताईंच्या गळ्यात हार पडलेला होता. निर्मलाताईंनी एक पुरी उचलली, तोडली, वाफ बघितली आणि म्हणाल्या, "छान फुगल्यात हो."

संध्याकाळी आमच्या घरी उरलेल्या श्रीखंडावर पराभवाची चौकशी बसली. कुणी म्हणालं, भाषण लांबलं. कुणी म्हणालं, रग्बीची मॅच होती, रस्ते बंद, नवी आयटीवाली जोडपी पोचलीच नाहीत. कुणी थेट पोह्यांवर खापर फोडलं. शुभा म्हणाली, "उगाच कशाला हिंडताय? दोषी हा काय, झारा घेऊन बसलाय." मी खरंच अजून झारा घेऊन बसलो होतो. सगळे हसले. मनोहर तेव्हाच पहिल्यांदा म्हणाला, "नाही वहिनी, चूक माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस निर्मलाताईंच्या दारात हजर! म्हणाला, "अभिनंदन. आता हे गुरुवारचं जेवण तुम्ही सुरू करा. स्वयंपाक मी करतो." आणि निर्मलाताईंनी ते खरंच सुरू केलं. इन्शुरन्सवाल्यांसमोर चष्मा काढला असणार. बोर्डावर त्यांचं नाव, कौन्सिलच्या पत्रकात त्यांचा फोटो. मी धुमसायचो, "अरे, कल्पना तुझी!" तो कांदा चिरत म्हणायचा, "पानात आमटी कुणाच्या नावाची आहे असं विचारून कुणी जेवतं का? मला माणसं हवी होती. आली की."

गेल्या आठवड्यात त्याच हॉलमध्ये त्याच्यासाठी सगळे जमलो होतो. मी ठेवणीतली पुऱ्यांची गोष्ट सांगितली, लोक डोळे पुसत हसले. मग निर्मलाताई उठल्या. म्हणाल्या, "एक गोष्ट यांना माहीत नाही. त्या दिवशी मतदानाआधी मीच म्हणाले होते, स्वयंपाकघरातल्या मंडळींना बोलवा. मनोहररावांनी मला थांबवलं. म्हणाले, 'तापलेल्या तेलापासून आत्ता कुणी हलायचं नाही. घाईत कुणी भाजलं तर? राहू द्या. घ्या मतदान.'"

म्हणजे चूक खरंच त्याची होती! तो वर्षानुवर्षं साधी वस्तुस्थिती सांगत होता आणि आम्ही तिला मोठेपणा समजत होतो. ज्या घोडचुकीवर मी आजवर इतक्या पंगती गाजवल्या, ती माझी नव्हतीच. मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, चोरी झाल्यासारखं वाटलं... आणि मग, कधी नव्हे ते, बोलायला काही सुचेना.

हे फार काळ टिकलं नाही, अर्थात. त्यानंतरच्या गुरुवारी, म्हणजे कालच, मधले गुरुवार बंद राहिल्यावर त्याच्याविना पहिलं जेवण झालं. यापुढे ते टिकणार की नाही, हे सगळ्यांच्याच मनात होतं. निम्म्या लोकांनी न येण्याची कारणं तयार ठेवली होती, तरीही आले. आमटी निर्मलाताईंनी केली. रिया रजा काढून आली होती. मी मनोहरच्या खुर्चीत, जोशीआजींच्या शेजारी बसलो आणि मनाशी ठरवलं, आज एकाही माणसाला उदास होऊ द्यायचं नाही. एकामागून एक किस्से सांगितले. टाळ्या पडल्या. निर्मलाताईसुद्धा हसल्या. सगळे गेल्यावर मी तृप्त मनानं ताटं पुसत रियाला म्हणालो, "जमलं गं. गुरुवार चालू राहणार. तुझ्या बाबाची जागा घेतली मी."

ती इथेच जन्मलेली, इथल्या शाळेत शिकवते. मराठी तिचं तिनं सांभाळलेलं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"काका, बाबा त्या चेअरवर बसून काय करायचा, माहितीये? नथिंग. फक्त ऐकायचा. आज जोशीआजीला काहीतरी सांगायचा होता. किती वेळा तिनी तोंड उघडला. तुम्ही थांबलाच नाही. नेक्स्ट थर्सडे या, नक्की या. पण प्लीज, गप्प बसा."