चादर गळ्यापर्यंतच

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितेय.

किन्हवलीकडच्या आमच्या सरकारी हायस्कूलात नववीपासून आरोग्यसेवा हा विषय आहे, आणि तो मी शिकवते. बंद पडलेलं हृदय दाबून कसं चालू करायचं, ते पोरी एका रबरी पुतळ्यावर शिकतात. छाती बरोबर दाबली गेली की तो 'टक्' वाजतो.

काल धूळ बसू नये म्हणून मी त्याच्यावर डोक्यापासून चादर घातली आणि खोलीला कुलूप लावलं.

आज शनिवार, सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत मी कुलूप काढायला गेले, तर आतून आवाज येत होता. टक्, टक्, टक्. एका लयीत, मी शिकवते तसा.

दार उघडलं. आत कुणी नव्हतं. खिडक्या आतून बंद. चादर मात्र तोंडावरून काढून नीट त्याच्या गळ्यापर्यंत दुमडलेली.

मागे नववीतली आमची रसिका डबा घेऊन उभी होती. म्हणाली, "मॅडम, तोंड नका झाकू त्याचं. आमी कधीच झाकत नाय. झाकलं म्हंजे गेला ना तो."

"मग चादर तू काढलीस?"

"मी कशी काढणार? चावी तुमच्याकडंच हाय ना!"

दुपारी घरी आले. माश्यांमुळे सासरे डोक्यावरून चादर घेऊन पडवीत झोपले होते. मी जाऊन ती झटकन खाली ओढली.

दचकून उठले. "काय झालं गो?"

सांगा, काय सांगू त्यांना?